छापील नमुन्याशिवाय विणणाऱ्यांचा धागा (सुया आणि क्रोशे, दोन्हींसाठी)

उलटसुलट

विणायचं मनात आलं की आपण आधी नमुना शोधतो, पुस्तकात नाहीतर व्हिडिओत. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, "११० टाके घाला." कुणाच्या हाताचे ११०? लिहिणारीच्या. तिचा हात सैल, तुमचा घट्ट, तिची लोकर जाड, तुमची बारीक. मग स्वेटर धाकट्याला तरी जातो, नाहीतर त्यात दोघं मावतात.

घरी विणणाऱ्याला नमुन्यापेक्षा दोन आकडे जास्त उपयोगाचे, असं माझं ठाम मत आहे. १० सेंटिमीटर रुंदीत किती टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत किती ओळी. हे दोन हाताशी असले की बाकी सगळं गुणाकार-भागाकारात निघतं.

उदाहरण घेऊ. छाती ९० सेंटिमीटर. अंगाला चिकटू नये म्हणून ६ सेंटिमीटर सैलपणा धरला, झाले ९६. आधी मोजण्यासाठी विणलेल्या छोट्या तुकड्यात १० सेंटिमीटरला २२ टाके आले, तर ९६ गुणिले २.२, म्हणजे २११. खालची पट्टी दोन सुलट-दोन उलट घालायची असेल तर टाक्यांना ४ ने भाग जायला हवा, म्हणून २१२. आता हेच २१२ टाके जिला १० सेंटिमीटरला २० येतात तिने घातले तर घेर होतो १०६. तुकड्यात फक्त दोन टाक्यांचा फरक, अंगावर १० सेंटिमीटरचा.

तुकडा कसा करायचा? चांगला १५ बाय १५ सेंटिमीटरचा, आणि मोजायचा फक्त मधला भाग, कारण कडेचे टाके नेहमी ओढलेले असतात. आधी धुवायचा, वाळवायचा, मग मोजायचा. स्वेटर गोल, म्हणजे न उलटवता नळीसारखा, विणणार असाल तर तुकडाही गोलच विणा. सपाट विणताना एकाआड एक ओळ उलट टाक्यांची येते, आणि पुष्कळ जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो. अर्धा टाका सोडून देऊ नका. १० सेंटिमीटरमागे अर्धा टाका म्हणजे वरच्या स्वेटरच्या घेरात दोन सेंटिमीटरहून जास्त.

नमुन्याशिवाय कुणी काही केलं असेल तर लिहा. कुठे अडलं असेल तर तेही लिहा.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. विणता येत नाही, पण गुणाकार येतात.

नवी_सुई

ताई, माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. एका व्हिडिओत ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. घरात ८ नंबरची जोडी होती, तीच घेतली. पण माझी वीण त्यांच्यापेक्षा खूप घट्ट दिसते. हात घट्ट असतो तो हाच का?

गाठनिरगाठ

हात नाही गं, नंबर वेगळा आहे. सुयांच्या नंबरांच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या बरोबर उलट चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५, १४ म्हणजे २. अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की सुई जाड: ६ नंबर ४ मिलिमीटर, ८ नंबर ५ आणि १० नंबर ६. तुझ्या व्हिडिओतली बाई अमेरिकन ८ म्हणत असणार आणि तुझ्या घरची जोडी ब्रिटिश ८. पूर्ण एका मिलिमीटरचा फरक.

नंबर विसरून जा. मिलिमीटर बघत जा. सुईवर छापलेलं पुसलं गेलं असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यात घालून बघायची. क्रोशाच्या सुयांचा घोळ आणखी मोठा आहे. अमेरिकन अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांना अक्षरं असतात, एच म्हणजे ५ मिलिमीटर. दोऱ्याच्या कामाच्या बारीक स्टीलच्या सुयांना नंबर असतात आणि तिथे नंबर वाढला की सुई बारीक.

नवी_सुई

बापरे! धन्यवाद काकू. मोजून बघितलं, ४ मिलिमीटरच निघाली.

एकखांबी

इथे सगळा स्वेटरच चाललाय. क्रोशेवाल्यांनाही थोडी जागा द्या! नमुन्याशिवाय विणायचं म्हटलं तर क्रोशे जास्त सोपं, असं माझं मत. सुईवर एकच टाका जिवंत असतो. नको वाटलं की ओढून उसवायचं आणि पुन्हा त्याच टाक्यापासून सुरू. दोन सुयांवर दोनशे टाके सांभाळायचा ताण नाही.

तुम्ही दोन आकडे सांगितलेत, आमच्याकडे गोल विणताना एकच पुरतो. मुक्या खांबाने (बुटका टाका, अमेरिकन सिंगल क्रोशे) सपाट चकती करायची तर दर फेरीला ६ टाके वाढवायचे: ६, १२, १८, २४, ३०. साध्या खांबाने (उंच टाका, अमेरिकन डबल) करायची तर दर फेरीला १२. अर्ध्या खांबाला (या दोघांच्या मधल्या उंचीचा) ८ च्या आसपास. हे आकडे पाठ करायची गरज नाही, ते आपोआप निघतात. प्रत्येक फेरीला चकतीची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, आणि त्रिज्या जेवढी वाढेल त्याच्या ६.२८ पट परीघ वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, म्हणून सहा. साधा खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. तुमचा खांब जरा बुटका पडत असेल तर ११ नेही चकती सपाट बसेल.

वाढ कमी पडली की चकतीची वाटी होते. जास्त झाली की कडेला चुण्या पडतात. बघून लगेच कळतं, मोजायचीही गरज नाही.

अजून एक. सहा वाढी दर फेरीत एकावर एक घेतल्या तर गोलाऐवजी षटकोन दिसायला लागतो. म्हणून एका फेरीत वाढ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला घ्यायची, पुढच्या फेरीत मधोमध.

उलटसुलट

एकखांबी, हे असं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं. "सहा वाढवा" एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. टोपीला हे गणित कसं लावतेस?

एकखांबी

टोपी डोक्यापेक्षा थोडी लहान हवी, नाहीतर डोळ्यांवर येते. डोकं ५६ सेंटिमीटर असेल तर टोपी ५३ ची. ५३ भागिले ३.१४, साधारण १७. म्हणजे चकती १७ सेंटिमीटर व्यासाची होईपर्यंत वाढवत जायचं, मग वाढ बंद करून तशाच फेऱ्या घालत खाली यायचं. टाके किती झाले ते बघायचंसुद्धा नाही. मोजपट्टी ठेवायची, बस.

चेंडूही असाच. वाढत्या फेऱ्या, मग सरळ फेऱ्या, मग जशी वाढ केली तशीच घट. घट करताना पुढच्या दोन टाक्यांच्या फक्त समोरच्या कड्यांत सुई घालून दोन्ही एकत्र घ्यायचे. बाहेरून जोड दिसत नाही.

आणि चुण्यांवरून आठवलं. चुण्या मुद्दाम पाडायच्या असतात तेव्हा दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहायचं, प्रत्येक ओळीत, न थांबता. कापड झपाट्याने वाढतं आणि प्रवाळासारखं दुमडत जातं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच करून हायपरबोलिक प्रतलाची, म्हणजे कडेकडे पसरतच जाणाऱ्या पृष्ठभागाची, प्रारूपं विणली. त्याआधी ही प्रारूपं कागदाच्या पट्ट्या चिकटवून करत, आणि ती फाटायची. विणलेलं हातात घेऊन घडी घालता येतं. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्टहाइम या बहिणींनी २००५ मध्ये याच तंत्राने लोकरीचं प्रवाळबेट उभं करायला घेतलं आणि जगभरातल्या विणणाऱ्यांनी त्यात भर घातली.

कापूसकोंडा

गणिताच्या प्राध्यापकांना जे कागदावर जमेना ते क्रोशाच्या सुईने झालं. घरातल्या "वेळ घालवायला काहीतरी करते" म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

नवी_सुई

एकखांबी ताई, माझा एक क्रोशाचा चौकोन आहे, तो वर जाता जाता त्रिकोण होतोय. साध्या खांबाच्या ओळी आहेत. टाके कुठे जातात कळत नाही.

एकखांबी

कडेला जातात, दुसरीकडे कुठेच नाही. ओळ उलटवल्यावर आपण ३ साखळ्या घालतो. साध्या खांबात त्या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब. म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा, आणि परतीच्या ओळीत शेवटचा खांब त्या साखळीच्या सगळ्यात वरच्या कडीत. ही शेवटची कडी नजरेतून सुटते आणि दर ओळीला एक टाका कमी होतो. मुक्या खांबात मात्र उलटताना १ साखळी घालतात आणि ती टाका म्हणून धरत नाहीत. तिथे पहिला मुका खांब पहिल्याच टाक्यात.

उपाय अगदी साधा. दर ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेव. परत आलीस की तो दिसेल.

आणि खालची कड धनुष्यासारखी वाकत असेल तर सुरुवातीची साखळी घट्ट झालीय. फक्त साखळीपुरती एक माप जाड सुई घे.

गाठनिरगाठ

इंग्रजी नमुना बघून करणाऱ्यांनी एक तपासा. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. नमुन्यात कुठेही "सिंगल क्रोशे" दिसलं तर तो अमेरिकन समजा. ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

डावखुरा

मी सुयांवर गळपट्टा विणतोय. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. पोत सुंदर दिसतो, पण दोन्ही बाजू आत वळून त्याची नळी होते. इस्त्री केली की सुटेल का?

कापूसकोंडा

इस्त्री करू नका!! आधी लोकर कसली आहे ते सांगा.

डावखुरा

लेबल फेकलं. मऊ आहे. स्वस्तातली, म्हणजे अ‍ॅक्रिलिक असावी.

कापूसकोंडा

तर मग मुळीच नको. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं. तापलेली इस्त्री टेकली की विणीतला उठाव कायमचा बसतो, कापड लुळं आणि चकचकीत होतं, आणि ते परत येत नाही. काही जण शालीला लफ्फेदार पडण्यासाठी लांबून वाफ देऊन हे मुद्दाम करतात. पण आधी तुकड्यावर करून बघतात.

लेबल नसेल तर जाळून ओळखायचं. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची थाळी ठेवा, काडी लावा. शुद्ध लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आग बाजूला केली की आपोआप विझते, आणि राख बोटाने चुरगळते. सुताला कागद जळल्याचा वास येतो, राख करडी आणि मऊ. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा दिसतात. गरम मण्याला हात लावू नका.

उलटसुलट

डावखुरा, नळी होणं हा त्या विणीचा स्वभाव आहे, तुमच्या हाताचा दोष नाही. सुलट टाका म्हणजे मागून पुढे ओढलेली कडी. त्या विणीत सगळ्या कड्या एकाच बाजूला ओढलेल्या असतात, आणि वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो. म्हणून बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे. लोकरीचा असता तर ओला करून टाचण्या लावून वाळवल्यावर थोडे दिवस सपाट राहिला असता, पण वळण पूर्ण जात नाही.

गळपट्टा दोन्ही बाजूंनी दिसतो, तेव्हा त्याला मुळातच वेगळी वीण हवी. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर तो सपाट राहतो, कारण एका ओळीच्या कड्या पुढे आणि पुढच्या ओळीच्या मागे, दोन्ही ओढ एकमेकींना मारतात. एक सुलट-एक उलट टाका घेऊन पुढच्या ओळीत अदलाबदल केली की साबुदाण्यासारखी वीण येते, तीही वळत नाही. आता विणलेला भाग ठेवायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी टाके उचलून सगळ्या ओळी सुलट घेऊन चार-पाच सेंटिमीटरची पट्टी विणा.

डावखुरा

उसवतो. पोत तोच हवा होता, पण नळी नको. आणि मी डावखुरा आहे, तर सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करू का?

गाठनिरगाठ

सुयांच्या कामात दोन्ही हात काम करतातच, त्यामुळे पुष्कळ डावखुरे उजव्यांसारखंच विणतात. लोकर डाव्या हातात धरायची पद्धत बघा, युरोपात खूप चालते. त्यात धागा टाकण्याचं काम डाव्या बोटाकडे येतं. क्रोशे मात्र बहुतेक डावखुरे आरशासारखंच करतात. तेव्हा आकृत्या उलट्या दिशेने वाचायला लागतात, बाकी काही अडत नाही.

उसवल्यावर ती लोकर लगेच वापरू नका. ती कुरळी झालेली असते आणि टाके वेडेवाकडे बसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टांगून वाळवा. अ‍ॅक्रिलिकचा कुरळेपणा लोकरीइतका जात नाही, पण बराच कमी होतो.

नवी_सुई

बाळासाठी टोपडं आणि मोजे करायचे आहेत. शुद्ध लोकर घ्यावी ना?

गाठनिरगाठ

बाळासाठी लोकरच गं. ऊब वेगळीच. ओलावा शोषूनही गार पडत नाही.

कापूसकोंडा

काकू, माफ करा, पण असहमत. बाळाचे कपडे रोज धुवायचे असतात. शुद्ध लोकर कुणीतरी एकदा गरम पाण्यात घालतंच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि टोपडं बाहुलीच्या मापाचं होतं. ते सुटत नाही. थकलेल्या आईबापांना हाताने धुवायची लोकर भेट देणं म्हणजे त्यांना काम भेट देणं.

गाठनिरगाठ

मशिनमध्ये धुता येणारी लोकर मिळते की. तिचे खवले प्रक्रिया करून बसवलेले असतात. फक्त ती ओली झाली की ताणते, म्हणून तुकडा धुऊनच मोजायचा. आणि सगळं अ‍ॅक्रिलिकच घ्यायचं तर त्यात बाळाला घाम येतो, तोही विचार करा.

एकखांबी

दोघांचं भांडण मिटेल तेव्हा मिटेल. उन्हाळ्यातल्या बाळाला सूत. पण सुताला लवचीकपणा नाही, म्हणून सुती मोजे पायात राहत नाहीत आणि सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबत जातो. टोपडं, दुपटं यांना ठीक.

कसलंही घ्या, या गोष्टी मात्र बघा. हातमोजे-पायमोज्यांच्या आत लोंबणारा धागा ठेवू नका. दोन रंगांची नक्षी केली की आत धागे मोकळे जातात, त्यात बाळाचं बोट अडकून आवळलं जाऊ शकतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. गळ्याशी बांधायच्या लांब दोऱ्या नकोत. मोहेरसारखी केसाळ लोकर नको, तंतू तोंडात जातात. आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला प्लॅस्टिकचे डोळे किंवा बटणं लावू नका. दोऱ्याने भरून काढा, तेच जास्त गोड दिसतं. खेळण्याची वीण इतकी घट्ट हवी की आतला कापूस बाहेर डोकावणार नाही. लेबलवर सांगितलेल्यापेक्षा एक-दोन मापं बारीक सुई घ्यायची.

नवी_सुई

बोटाचं कधी डोक्यातही आलं नसतं. एकरंगीच करते.

वाचनमात्र

मी एक विचारू का, न विणणारा म्हणून? हे सगळं मशिनवर होत नाही का?

कापूसकोंडा

सुयांचं होतं, आणि फार पूर्वीपासून. इंग्लंडात विल्यम ली यांनी १५८९ मध्येच मोजे विणायचं यंत्र केलं होतं. अंगातला टी-शर्ट ताणून भिंगातून बघा, तीच सुलट वीण आहे. क्रोशे मात्र खऱ्या अर्थाने यंत्रावर होत नाही. बाजारात क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड मिळतं, पण त्याची रचना वेगळी असते. म्हणजे खरोखर क्रोशे केलेलं काहीही, कुठेही दिसलं, तर ते कुणीतरी हाताने केलेलं आहे. किंमत त्या मानाने दिसली नाही तर कुणाच्या तरी हातांची मेहनत हिशोबात धरलेली नाही.

डावखुरा

लोकर किती लागेल हे कसं ठरवता? माझी नेहमी शेवटच्या बाहीला संपते आणि दुकानातला नवा गुंडा थोडा वेगळाच दिसतो.

उलटसुलट

वेगळा दिसतो कारण रंगवण्याची खेप वेगळी असते. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी खेपेचाही नंबर छापलेला असतो. सगळे गुंडे एकाच खेपेचे एकदम घ्यावेत. नाहीच मिळाले तर जुन्या-नव्या गुंड्यांतून दोन-दोन ओळी आळीपाळीने विणत जा, म्हणजे एके ठिकाणी रेघ दिसत नाही.

अंदाजासाठी तोच तुकडा पुन्हा कामाला येतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. समजा १५ बाय १५ चा तुकडा, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर, ९ ग्रॅम भरला. मग १ ग्रॅमला २५ चौरस सेंटिमीटर. वरच्या स्वेटरचा घेर ९६, लांबी ६० धरली तर ५७६०. बाह्या खाली २० आणि वर ३३ सेंटिमीटर घेराच्या, लांबी ४५, तर दोन्ही मिळून साधारण २४००. एकूण ८१६० भागिले २५, म्हणजे ३२५ ग्रॅमच्या आसपास. त्यावर १५ टक्के धरा, ३७५. ५० ग्रॅमचे ८ गुंडे घेतले की निश्चिंत. वेण्यांची नक्षी असेल तर तुकडाही वेण्यांचाच विणून तोलायचा, कारण वेण्या कापड आत ओढतात आणि लोकर खूप खातात.

नवी_सुई

बाहीचे २० आणि ३३ कुठून आले?

उलटसुलट

टक्केवारीतून. ही पद्धत एलिझाबेथ झिमरमन यांची. त्या मूळच्या इंग्लंडच्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. छातीचे टाके म्हणजे १०० टक्के धरायचे आणि बाकी सगळं त्याच्या हिश्शात. मनगटाशी २० टक्के, दंडाशी साधारण एक तृतीयांश, गळ्याला ४० टक्के. शरीर प्रत्येकाचं वेगळं, पण सुरुवात करायला हे आकडे फार चांगले. दंड भरलेला असेल तर ३५-३६ टक्के घ्या.

आपल्या स्वेटरचे २१२ टाके. २० टक्के म्हणजे ४२, पट्टीसाठी ४४ करू. दंडाशी ७२. म्हणजे मनगटापासून दंडापर्यंत २८ टाके वाढवायचे. एका वेळी दोन वाढतात, बाहीच्या आतल्या रेषेच्या दोन बाजूंना एकेक, म्हणून १४ वेळा. आता ओळींचा आकडा लागतो, जो बहुतेक जण मोजायचा टाळतात. समजा १० सेंटिमीटरला ३० ओळी. बाहीची लांबी ४५, त्यातली पट्टी ६ आणि वरचा ४ सेंटिमीटर भाग न वाढवता सोडला. उरले ३५ सेंटिमीटर, म्हणजे १०५ ओळी. १०५ भागिले १४, साडेसात. मग एकदा सातव्या ओळीला वाढ, एकदा आठव्या. बाही गोल विणत असाल तर हे जसंच्या तसं चालेल. सपाट विणत असाल तर वाढ सुलट बाजूलाच सोयीची, तेव्हा सहाव्या आणि आठव्या ओळीला आळीपाळीने घ्या. वाढ थोडी लवकर संपेल, उरलेलं सरळ विणा.

बाह्या दोन्ही एकदम विणा, एकाच वायरच्या सुईवर (दोन टोकं वायरने जोडलेली सुई), दोन गुंडे घेऊन. एकाच लांबीच्या होतात आणि दुसरी विणायचा कंटाळा येत नाही.

एकखांबी

दुसऱ्या मोज्याचा कंटाळा, दुसऱ्या बाहीचा कंटाळा, चाळीस चौकोनांतल्या शेवटच्या बाराचा कंटाळा. यावर औषध निघालं तर जगातल्या अर्ध्या पिशव्या रिकाम्या होतील.

गाठनिरगाठ

नक्षीकाम करणाऱ्यांसाठी एक. जाळीची नक्षी उसवायची वेळ आली की टाके परत सुईवर घेणं फार कठीण, कारण जाळीच्या भोकांसाठी सुईवर नुसते घेतलेले धाग्याचे वेढे सुटून जातात. म्हणून दर नक्षीच्या शेवटी, सगळे टाके सुईवर असताना, त्यांच्यातून एक बारीक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवा, टाके दोऱ्यावर थांबलेले असतात. साध्या विणीत एखादा टाका खाली ओघळला असेल तर तेवढ्यासाठी काही उसवू नका. क्रोशाच्या सुईने एकेक आडवी कडी त्यातून ओढत वर आणा.

आणि टाके सुईवर परत घेताना त्यांची बसण्याची दिशा बघा. टाक्याला दोन पाय असतात. उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. तो मागे असेल आणि तुम्ही नेहमीसारखं पुढून विणलं तर टाका पिळला जातो. पूर्ण ओळच पिळलेली येत असेल तर तुम्ही उलट टाक्याला धागा विरुद्ध दिशेने गुंडाळताय. तसं विणायलाही हरकत नाही, फक्त पुढच्या ओळीत मागच्या पायातून सुई घाला.

नवी_सुई

हे माझ्याच विणीचं वर्णन आहे! मला वाटायचं लोकरच तशी पिळाची आहे.

शेवटचं एक विचारते. गळ्याची पट्टी झाली, टाके बंद केले, आणि आता स्वेटर डोक्यातून जात नाही. विणताना तर छान ताणला जात होता.

एकखांबी

बंद करतानाची ओळ घट्ट झाली. तेवढीच उसव, पट्टी तशीच राहू दे.

उलटसुलट

हो, तेवढीच. ४० टक्क्यांच्या हिशोबाने गळ्याला ८४ टाके, म्हणजे न ताणता ३८ सेंटिमीटर. डोकं ५६ चं. म्हणजे पट्टी जवळजवळ दीडपट ताणली गेली पाहिजे, आणि नेहमीची बंद करायची पद्धत तेवढी ताणत नाही. दोन मापं जाड सुई घेऊन बंद केलंस तर बऱ्याचदा भागतं.

नाही भागलं तर असं कर: दोन टाके मागच्या पायांतून एकत्र सुलट विण, तयार झालेला एक टाका परत डाव्या सुईवर ठेव, पुन्हा त्याच्यासकट पुढचे दोन एकत्र. शेवटपर्यंत हेच. धागा ओढू नकोस. किंवा गळ्याच्या घेराच्या तिपटीहून थोडा जास्त धागा ठेवून तोड, जाड बोथट सुईत ओव आणि टाके शिवून बंद कर: दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे सुई घाल, मग पहिल्यातून परत डावीकडून उजवीकडे, आणि तो टाका सुईवरून सोड. वेळ लागतो, पण लवचीक होतं. शेवटचा टाका सोडायच्या आधी एकदा डोक्यातून घालून बघ.